पेटंट आणि स्त्री शोधक

पेटंटच्या अर्जांत शोधक म्हणून स्त्रियांची नावे पुरुषांच्या मानाने फार कमी आढळतात. १९९९ ते २०२० या काळातल्या आंतरराष्ट्रीय (पीसीटी, म्हणजे पेटंट सहकार्य कराराखाली केलेल्या) अर्जांपैकी सुमारे २३ टक्के अर्जांत किमान एक स्त्री होती. एकूण शोधकांत मात्र स्त्रिया १३ टक्केच. दोन्ही आकडे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचेच आहेत, फरक मोजणीचा आहे. आठ जणांच्या चमूत एक स्त्री असली तर पहिल्या पद्धतीत तो अर्ज अख्खा धरला जातो, दुसरीत आठांतली एक. आकडा दिसला की तो अर्जांचा आहे की माणसांचा, हे आधी पाहावे.

आंतरराष्ट्रीय आकडेवारीत शोधकाचे लिंग बहुधा नावावरून, देशवार नावकोश वापरून ठरवतात. सुमन महाराष्ट्रात बाई, बंगालात पुरुष. किरण दोन्हीकडे दोन्ही. दक्षिण भारतात नुसती आद्याक्षरे येतात, आणि रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावांवरून बहुधा काहीच कळत नाही. अशी नावे गाळून काढलेली टक्केवारी म्हणजे अंदाजच.

पूर्वी अडसर सरळ कायद्याचाच होता. १७१५ मध्ये लंडनला मका स्वच्छ करून वाळवण्याच्या पद्धतीचे पेटंट पेनसिल्व्हेनियाच्या थॉमस मास्टर्स यांना मिळाले. शोध पत्नी सिबिला यांचा आहे असे त्यात लिहिलेले होते, पण विवाहितेची मालमत्ता नवऱ्याच्या हाती असे. सपाट बुडाच्या कागदी पिशव्यांचे यंत्र बनवणाऱ्या मार्गारेट नाइट यांची कल्पना चार्ल्स अॅनन यांनी उचलून स्वतःच्या नावे अर्ज केला. नाइट यांनी कायदेशीर लढतीत ती आपली असल्याचे सिद्ध करून १८७१ मध्ये पेटंट मिळवले.

आज तफावत विषयागणिक बदलते. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये युरोपातले १३.२ टक्के शोधक स्त्रिया होत्या. २०१० ते २०१९ या काळात रसायनशास्त्रात २२ टक्क्यांवर, यांत्रिकीत जेमतेम ५. लॅटव्हिया ३० टक्क्यांपुढे, तर जर्मनी १० वर. पण विज्ञान-अभियांत्रिकी शिकलेल्या मुली कमी, एवढ्यावर हे भागत नाही. प्रयोगशाळेतल्या शोधनिबंधावर लेखिका असलेली स्त्री त्याच कामाच्या पेटंटवर शोधक म्हणून दिसतेच असे नाही. निबंधात नाव घालताना हात सैल असतो. पेटंटमध्ये दाव्याच्या (नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या मजकुराच्या) कल्पनेत वाटा लागतो, आणि तो कोणाचा हे बहुधा चमूतले वरिष्ठ ठरवतात.

पेटंट कार्यालय अर्ज तपासते, त्या परीक्षणातही फरक दिसतो. अमेरिकेतील सुमारे २७ लाख अर्जांच्या २०१८ मधील अभ्यासात स्त्री असल्याचे सहज ओळखू येणारे नाव असेल तर मंजुरीची शक्यता पुरुषांपेक्षा ८.२ टक्क्यांनी कमी निघाली. नाव दुर्मीळ, म्हणजे लिंग सहज न कळणारे, असेल तर २.८ टक्क्यांनी. मंजूर होतानाही स्त्रियांच्या दाव्यांत जास्त शब्द घालावे लागले, आणि इथे खरे नुकसान होते. ‘झाकण असलेले भांडे’ हा दावा ‘झाकणाला रबरी कडे असलेले पोलादी भांडे’ असा झाला, की तांब्याचे भांडे बनवणारा मोकळा सुटतो.

भारतात १७ सप्टेंबर २०१९ पासून स्त्री अर्जदाराला (पेटंटचा हक्क जिच्या नावे मागितला जातो तिला; ती शोधक असेलच असे नाही) जलद परीक्षण मागता येते. त्यासाठी फॉर्म १८अ भरावा लागतो. ऑनलाइन शुल्क व्यक्तीसाठी ८,००० रुपये, साध्या परीक्षणाचे ४,०००. अर्ज प्रसिद्ध झालेला नसेल तर फॉर्म ९ (लवकर प्रसिद्धीची विनंती, २,५०० रुपये) जोडावा लागतो. आधी साधा फॉर्म १८ भरला असल्यास फरक भरून बदल करता येतो. सगळे अर्जदार व्यक्ती असाव्यात आणि त्यांत किमान एक स्त्री, अशी अट आहे. गफलत इथेच होते: अर्जदार कंपनी आणि शोधक तिची कर्मचारी असेल, तर या कारणाने जलद परीक्षणाची सवलत मिळत नाही, व्यक्तीबरोबर कंपनी सहअर्जदार असली तरीही नाही. स्टार्टअप, लघुउद्योग वगैरेंना स्वतःची वेगळी कारणे आहेत. सवलतीसाठी पत्नीचे किंवा बहिणीचे नाव अर्जदारांत घालायचे, तर ती शोधक तरी हवी, नाहीतर तिच्या नावे हक्क लेखी हस्तांतरित केलेला हवा. त्याचा पुरावा अर्जासोबत किंवा सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो.