खुलासा : हेराचा निरोप थेट पंतप्रधानांच्या टेबलावर जात नाही

ठाण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय : परदेशातल्या हेराने काही कळवलं की ‘रॉ’ ते जसंच्या तसं पंतप्रधानांपुढे ठेवते. असं होत नाही. कच्ची माहिती आधी विश्लेषकाकडे जाते. स्रोताने ते स्वतः पाहिलं की ऐकलं, हे तो तपासतो. उपग्रहचित्रं, पकडलेले संदेश, दूतावासांचे अहवाल यांच्याशी ताडून पाहतो. मगच निष्कर्ष वर जातो, आपल्याकडे बहुधा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांमार्फत (हे पद १९९८ चं).

खरी गडबड शक्यता सांगताना होते. १९५१ च्या एका अमेरिकी गुप्तचर अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ वर्तवली होती. तो तयार करणाऱ्यांपैकी सीआयएच्या शर्मन केंट यांच्या मनात या शब्दांचा अर्थ ६५ टक्के होता. सहकाऱ्यांचे आकडे २० पासून ८० पर्यंत विखुरलेले निघाले! आता तिथल्या नियमानुसार ‘संभाव्य’ म्हणजे ५५ ते ८० टक्के, आणि अंदाजावर भरवसा किती, हे वेगळं लिहावं लागतं. ते का लागतं? २००२ च्या इराकवरच्या अमेरिकी अहवालातला, जैविक अस्त्रं बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांचा दावा मुख्यतः जर्मन गुप्तचरांकडून आलेल्या एकाच स्रोतावर उभा होता, आणि तो खोटा ठरला.