वेढणी वाकते, अंगठी का वाकत नाही?

भाचीचा साखरपुडा ठरला आणि अंगठ्या घ्यायला आम्ही पाच जण पुण्यात लक्ष्मी रोडवर गेलो. ताईचं एकच पालुपद, "२४ कॅरेटचीच दाखवा हो, बावीसमध्ये भेसळ असते." सराफाने वाद घातला नाही. २४ कॅरेटची एक वेढणी काढून भाचीच्या हातात दिली नि म्हणाला, "दाबा." तिने चिमटीत धरून दाबली आणि गोल वेढणी लंबगोल झाली. ताई गप्प.

मला मात्र तो 'भेसळ' शब्द दिवसभर खटकत राहिला. दुधात पाणी घातलं की दूध फसवतं. सोन्यात तांबं घातलं की सोनं कामाला लागतं.

सोनं मऊ का, याचं उत्तर त्याच्या अणूंच्या रांगांत आहे. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. पूर्ण थर एका दमात सरकवायला किती जोर लागेल, याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडलं. आकडा आला प्रत्यक्षापेक्षा शेकडो-हजारो पट मोठा! हे कोडं १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन संशोधकांनी स्वतंत्रपणे सोडवलं. मंगल कार्यालयातली लांबलचक सतरंजी ओढून पाहा, हलत नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, तर अख्खी सतरंजी वीतभर सरकते. धातूतही अशा सुरकुत्या असतात. अणूंची एखादी ओळ मध्येच संपलेली असते; त्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. थर सरकतो तो या सुरकुतीच्या पायांनी. सोन्याच्या रचनेत अणू दाटीने बसलेले चार प्रकारचे थर आणि प्रत्येकात घसरायच्या तीन दिशा, म्हणजे बारा वाटा मोकळ्या. चिमटीत वाकणारच.

आता सतरंजीखाली कुणाची तरी चप्पल राहिली आहे असं समजा. सुरकुती तिथे अडते. सोन्यातला तांब्याचा अणू ही ती चप्पल. सोन्याच्या अणूची त्रिज्या १४४ पिकोमीटर, तांब्याची १२८. हा लहान अणू सोन्याच्या जागेत बसतो, पण आजूबाजूची वीण ताणून धरतो. चांदीची त्रिज्याही जवळपास १४४च, त्यामुळे ती सोन्यात बेमालूम मिसळते, रंग फिका करते आणि कडकपणा फारसा देत नाही. शुद्ध मऊ सोन्याची कठिनता विकर्स मापावर २५च्या आसपास. १८ कॅरेटची सव्वाशे-दीडशेच्या घरात.

कॅरेट वजनावर मोजतात, अणूंवर नाही, हेही ध्यानात घ्या. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच जड. म्हणून १८ कॅरेटची, म्हणजे ७५ टक्के सोनं नि २५ टक्के तांबं अशी तांबूस अंगठी घेतली, तर तिच्यात सोन्यापेक्षा तांब्याचे अणू जास्त निघतात! हे ताईला सांगितलेलं नाही. आणखी एक गंमत: पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे तांबूस सोनं मात्र बुडवलं की मऊ राहतं. सावकाश निवू दिलं, तर साधारण ४१० अंश सेल्सिअसखाली सोनं नि तांबं एकाआड एक शिस्तीत बसतात आणि धातू कडक, ठिसूळ होतो.

कडकपणा आणायची दुसरी रीत बघायची, तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. मठारकाम करताना हातोड्याचा प्रत्येक ठोका तांब्यात नव्या सुरकुत्या पाडतो. त्या एकमेकींत अडकतात आणि भांडं ताठ होतं. चमकणारे खळगे ही वरकमाई.

बाकी धातूंचं थोडक्यात. ९५० शिक्क्याचं, म्हणजे ९५ टक्के शुद्ध, प्लॅटिनम त्याच मापाच्या १८ कॅरेटच्या अंगठीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जड. शुद्ध प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, म्हणून घडणावळही जास्त. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो झिजला की पिवळसर झाक दिसते. त्यात निकेल असेल तर काहींच्या बोटाला खाज सुटते. शेजारच्या ट्रेमध्ये 'रक्तदाब उतरवणारी' तांब्याची अंगठी होती. तिने बोट हिरवं होतं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

होणाऱ्या जावयाला हवी होती काळी टंगस्टनची, "आयुष्यभर ओरखडा नाही" अशी जाहिरातवाली. ते असतं टंगस्टन कार्बाइड. ओरखडा सहसा येत नाही हे खरं; पण फरशीवर पडली तर तडकू शकते, आणि बोट जाड झालं तर सोनाराला ती वाढवता येत नाही. सुजलेल्या बोटातून सोन्याची अंगठी कापून काढतात, ही पकडीत दाबून फोडावी लागते.

हा जावई भोसरीला लेथवर काम करतो. "मग कामावर कुठली घालू, मामा?" त्याने विचारलं. कुठलीच नाही, मी म्हटलं. फिरत्या जॉबने, म्हणजे लेथवर लावलेल्या तुकड्याने, अंगठी पकडली तर बोट जातं. सराफाने लगेच साखळ्यांचा ट्रे पुढे केला, अंगठी ओवून गळ्यात घालायला. लेथपुढे लोंबती साखळी! मी ट्रे मागे सरकवला आणि दोघांसाठी १८ कॅरेटच्या अंगठ्या वजन करायला सांगितल्या.