सूर्यमालेची तोंडी परीक्षा, पाम बीच रोडवर

सूर्यमालेवरचे प्रश्न ठरलेले असतात. सर्वांत मोठा ग्रह कोणता, लाल ग्रह कोणता, शनीला चंद्र किती. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या तयारीला लागलेली सहावीतली मुलं यांची उत्तरं धडाधड देतात. पाठांतराला माझा विरोध नाही, ग्रहांचा क्रम तोंडपाठ हवाच. पण मुलाच्या डोळ्यांसमोर सूर्यमाला उभी राहिली का, हे त्यातून कळत नाही. शिवाय आकडे शिळे होतात. मार्च 2025 मध्ये शनीच्या 128 नव्या चंद्रांना एकदम मान्यता मिळाली आणि 146 चे 274 झाले. आदल्या महिन्यात बरोबर असलेलं उत्तर चुकीचं ठरलं.

त्यापेक्षा मुलाच्या हातात अडीच सेंटिमीटरची गोटी द्यावी आणि म्हणावं, ही पृथ्वी. आता चंद्र केवढा आणि किती लांब, ते दाखव. बहुतेक जण वीतभर अंतर दाखवतात, मोठी माणसंसुद्धा. खरं उत्तर आहे 7 मिलिमीटरचा मणी, तोही 77 सेंटिमीटरवर. वर्गातल्या तक्त्यावर सगळं एका कागदात बसवायचं म्हणून चंद्र पृथ्वीला चिकटवलेला असतो आणि तेच चित्र डोक्यात कायमचं बसतं.

याच मापाने अख्खी सूर्यमाला मांडायची, तर नवी मुंबईत जागा तयार आहे. पाम बीच रोड साधारण दहा किलोमीटरचा. प्रत्यक्षातले 5 लाख किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचा 1 मीटर धरू. बेलापूरला महापालिका मुख्यालयापाशी सूर्य ठेवायचा, 2.8 मीटर व्यासाचा. वाशीच्या दिशेने चालायला लागलं की 116 मीटरवर बुध, 216 वर शुक्र, 300 मीटरवर आपली गोटी आणि 456 मीटरवर तिच्या निम्म्या आकाराचा मंगळ. इथवर पाच-सहा मिनिटांत पोहोचतो. मग एक किलोमीटरहून जास्त चाललं, तरी मोठं असं काही लागत नाही. लघुग्रहांचा पट्टा याच टप्प्यात येतो, पण त्यातले सगळे दगडधोंडे गोळा केले तरी आपल्या चंद्राच्या पाच टक्केही वजन भरत नाही. गुरू भेटतो दीड किलोमीटर ओलांडल्यावर, 28 सेंटिमीटरचा. शनी 2.9 किलोमीटरवर, नेरूळच्या हद्दीत. युरेनस त्याच्याही तितकाच पुढे. नेपच्यून 9 किलोमीटरवर, म्हणजे वाशी जवळ आलेली असते. एवढ्या रस्त्यावर आठ ग्रह, आणि त्यातला सर्वांत मोठा दोन्ही हातांत उचलता येईल असा.

प्रकाशाचा वेगही याच मापात आणून पाहा. सेकंदाला जेमतेम 60 सेंटिमीटर! प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नाही, आणि या रस्त्यावर मात्र आपण सहज त्याच्या पुढे जातो. सूर्यापासून गोटीपर्यंतच्या 300 मीटरना त्याला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत चार तासांहून थोडं जास्त. पुस्तकात हेच आकडे असतात, पण ते अंगात मुरतात ते चालल्यावर.

आता मला सर्वांत आवडणारा प्रश्न. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो, तर दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण 5 अंशांनी कललेली आहे, हे उत्तर पुस्तकात सापडतं. पण 5 अंश म्हणजे किती? गोटीपासून 77 सेंटिमीटरवरचा मणी त्यामुळे जवळजवळ 7 सेंटिमीटर वर किंवा खाली जातो. गोटी आहे अडीच सेंटिमीटरची. म्हणजे सावली बहुतेक वेळा तिच्या वरून किंवा खालून निघून जाते. वीतभर अंतराचं चित्र डोक्यात असेल, तर हे उत्तर कधीच पटणार नाही.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समजही पक्का रुजलेला असतो. त्यावर उपाय आकाशातच आहे. शुद्ध अष्टमीला दुपारी चार वाजता मुलाला गच्चीवर न्यावं. पश्चिमेला सूर्य, पूर्वेकडे वर चढलेला अर्धा चंद्र, आणि उजळ बाजू नेमकी सूर्याकडे. दोघंही एकाच वेळी समोर असताना मध्ये पृथ्वीची सावली येणार कुठून? संकष्टीचा उपास करणाऱ्या आजीला तर या विषयातले गुण आधीच द्यायला हवेत. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा, म्हणून चतुर्थीला ताट वाढायला रात्रीचे नऊ वाजून जातात. हे गणित ती वर्षानुवर्षं कॅलेंडरात पाहत आली आहे.

सर्वांत तप्त ग्रह विचारला की बुध हे उत्तर येतं. उत्तर शुक्र आहे, सुमारे 465 अंश सेल्सिअस, कार्बन डायऑक्साइडच्या दाट वातावरणामुळे. चुकणाऱ्यालाही इथे अर्धे गुण द्यावेत, कारण त्याने निदान अंतराचा विचार केला.

अंतराचा हाच विचार ऋतूंच्या बाबतीत मात्र पूर्ण फसवतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे थंडी असताना. पाम बीच रोडवर ती तेव्हा 294 मीटरवर येते आणि जुलैत 304 वर जाते, एवढाच फरक. डिसेंबरअखेर मेलबर्नला कसोटी पाहायला आलेले लोक टोप्या घालून उन्हात बसलेले असतात, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे. अंतरामुळे ऋतू होत असते, तर दोन्हीकडे एकच ऋतू असता. ऋतू होतात ते 23.5 अंशांनी कललेल्या आसामुळे.

हा कल ठाण्यात किंवा नवी मुंबईत एका काठीने तपासता येतो. आपण साधारण 19 अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे 15-16 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साधारण 12:35 ला सरळ उभ्या काठीला सावलीच पडत नाही. बारा वाजता नाही, कारण आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, 82.5 अंश पूर्व रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला 73 वर, जिथे सूर्य माथ्यावर उशिरा येतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यातही हा योग येतो, पण तेव्हा पावसाळी ढगांमुळे सूर्य दिसण्याची खात्री नसते. म्हणून ही प्रात्यक्षिक परीक्षा मे महिन्याच्या सुट्टीतच घ्यावी, आणि काठीला ओळंबा लावून घ्यावा.