राज्य विधेयकांचा मागोवा (अमेरिका)

अमेरिकेतील ५० राज्यांच्या विधिमंडळांत येणारी विधेयके मांडल्यापासून कायदा होईपर्यंत, आणि बऱ्याचदा त्यानंतर न्यायालयातही, सातत्याने पाहत राहण्याचे काम. विद्यापीठे, नागरी संघटना, पत्रकार, वकील आणि उद्योगांचे लॉबिस्ट असे सगळेच ते आपापल्या गरजेने करतात. २०२० नंतर या कामात तीन विषय एकमेकांत गुंतले: मतदानाचा हक्क, सार्वजनिक आरोग्य आणि शासनाच्या कोणत्या अंगाकडे किती अधिकार असावेत हा प्रश्न. या नोंदीत प्रामुख्याने या तीन विषयांच्या मागोव्याचा विचार केला आहे.

भारतीय वाचकाला आधी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार एकाच निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होतात. अमेरिकेत संघराज्याच्या निवडणुकाही राज्येच घेतात. निवडणुकीची वेळ, जागा आणि पद्धत राज्य विधिमंडळाने ठरवावी, काँग्रेसला (म्हणजे तिथल्या संसदेला) त्यात बदल करता येईल, असे तिथल्या संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाचे चौथे कलम सांगते. त्यामुळे मतदार नोंदणी केव्हा बंद होते, टपाली मतपत्रिका कोणाला मिळते, मतदान केंद्रावर कोणते ओळखपत्र चालते, याची उत्तरे राज्यागणिक बदलतात. आरोग्याचेही तेच. विलगीकरण, लसीची सक्ती, शाळा बंद ठेवणे हे दहाव्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे राहिलेले अधिकार. देवीच्या लसीला नकार देणाऱ्या, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज शहराच्या माणसाचा ५ डॉलरचा दंड कायम ठेवताना १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकबसन विरुद्ध मॅसॅच्युसेट्स या खटल्यात या अधिकारावर शिक्कामोर्तब केले. आणखी एक गोष्ट: तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, तो थेट निवडून येतो. विधिमंडळ एका पक्षाचे आणि गव्हर्नर दुसऱ्या पक्षाचा, हे नेहमीचेच. पुढची बरीच भांडणे तिथूनच उगवतात.

राज्यांच्या कायद्यांकडे देशभर लक्ष जाण्याला मोठे कारण घडले २०१३ मध्ये. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानुसार, वंशभेदाचा इतिहास असलेल्या ठरावीक राज्यांना आणि काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना) निवडणुकीच्या नियमात कोणताही बदल करण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घ्यावी लागत असे. शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर या निकालाने ही परवानगी कोणाला लागू हे ठरवणारे सूत्रच रद्द केले. तोपर्यंत परवानगीसाठीचे अर्ज वॉशिंग्टनमध्ये आपोआप जमा होत. ती वाट बंद झाल्यावर राज्यात काय शिजते आहे हे बाहेरच्या लोकांना स्वतःच शोधावे लागू लागले.

कामाची अडचण संख्येपासून सुरू होते. नेब्रास्काचे विधिमंडळ एकगृही, बाकी सगळी द्विगृही. म्हणजे ९९ सभागृहे आणि ७,३८६ सदस्य. वेळापत्रक प्रत्येकाचे निराळे. टेक्सासचे नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी आणि जास्तीत जास्त १४० दिवस चालते. कॅलिफोर्नियाचे जवळजवळ वर्षभर. काही राज्यांत पहिल्या वर्षी अडकलेले विधेयक दुसऱ्या वर्षी तसेच पुढे सरकते, काहींत अधिवेशन संपले की ते संपले. बहुतेक ठिकाणी ‘क्रॉसओव्हर’ची तारीख असते: त्या दिवसापर्यंत विधेयक आपल्या मूळ सभागृहातून पलीकडे गेले नाही, तर ते मेले असे मानतात. मागोवा घेणाऱ्यांच्या कॅलेंडरात ही तारीख लाल शाईने असते, पण ते मरण पक्के नसते. मेलेल्या विधेयकाचा मजकूर दुसऱ्या जिवंत विधेयकात घालून पुढे नेण्याची रीत जवळपास सर्वत्र आहे. ॲरिझोनात असे करणाऱ्या दुरुस्तीला ‘स्ट्रायकर’ म्हणतात, कारण ती मूळ मजकूर सगळाच्या सगळा खोडते. कॅलिफोर्नियात या प्रकाराचा इतका अतिरेक झाला की २०१६ मध्ये मतदारांनीच कौल देऊन, विधेयकाचा अंतिम मजकूर मतदानापूर्वी ७२ तास प्रसिद्ध केलाच पाहिजे अशी अट घातली.

साधने दोन तऱ्हेची आहेत. एक तऱ्हा यंत्राची: विधिमंडळांच्या संकेतस्थळांवरून विधेयकाचा क्रमांक, मजकूर, समिती, मतदान असा सगळा तपशील रोज आपोआप गोळा करणारी. २००९ मध्ये सनलाइट फाउंडेशनमध्ये सुरू झालेला ओपन स्टेट्स हा प्रकल्प आणि लेजिस्कॅन ही सेवा या जातीची. दुसरी तऱ्हा माणसाने वाचून वर्गवारी करण्याची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाशी जोडलेले ब्रेनन सेंटर मतदानविषयक कायद्यांचा आढावा वर्षातून अनेकदा काढते. व्होटिंग राइट्स लॅब याच विषयावर ट्रॅकर चालवते. टेंपल विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य कायदा संशोधन केंद्र आरोग्याच्या कायद्यांची कलमवार नोंद ठेवते. डेन्व्हरची नॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्टेट लेजिस्लेचर्स ही १९७५ पासूनची संस्था खुद्द विधिमंडळांची, त्यामुळे तिची यादी कोणाची बाजू घेत नाही, आणि म्हणूनच थोडी कोरडी असते. भारतात याच्या जवळ जाणारे काम म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही २००५ पासूनची संस्था. ती संसदेबरोबर राज्यांच्या विधेयकांचीही नोंद ठेवते.

यंत्राने बराच भार हलका केला हे खरे. २०१९ मध्ये यूएसए टुडे, ॲरिझोना रिपब्लिक आणि सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी यांनी संगणकाच्या मदतीने विधेयकांचे मजकूर एकमेकांशी ताडून पाहिले. आठ वर्षांत १०,००० हून अधिक विधेयके हितसंबंधी गटांनी लिहिलेल्या नमुन्यांवरून जवळपास उतरवून काढलेली निघाली आणि त्यांपैकी २,१०० हून अधिक कायदे झाले. एका राज्यात वाचलेले वाक्य महिनाभराने दुसऱ्या राज्यात जसेच्या तसे भेटते, हा मागोवा घेणाऱ्यांचा रोजचा अनुभव या पाहणीने आकड्यात मांडला. पण शीर्षकावर किंवा शब्दशोधावर विसंबणारा मागोवा नेमका महत्त्वाच्या वेळी फसतो.

जॉर्जियाचे सिनेट विधेयक २०२ हे याचे ठळक उदाहरण. २०२१ च्या फेब्रुवारीत ते टपाली मतपत्रिकेच्या अर्जांविषयीचे जेमतेम दोन पानांचे विधेयक होते. मार्चच्या मध्यावर हाउसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, समितीत त्या जागी नव्वदहून अधिक पानांचा मजकूर आला. २५ मार्चला हाउसने ते १०० विरुद्ध ७५ आणि सिनेटने ३४ विरुद्ध २० मतांनी मंजूर केले आणि त्याच संध्याकाळी गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केली. जगभर गाजली ती एकच तरतूद: मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांत, किंवा रांगेतल्या मतदारापासून २५ फुटांत, कोणी त्याला पाणी वा खाणे देऊ नये. वर्तमानपत्रांना ती सोयीची होती, कारण डोळ्यांपुढे उभी राहते. त्याच कायद्याने राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून आणि मताधिकारावरून सेक्रेटरी ऑफ स्टेटला (राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) दूर केले आणि काउंटीच्या निवडणूक व्यवस्थेचा कारभार तात्पुरता हाती घेण्याची मुभा त्या मंडळाला दिली. हे वजनाने कितीतरी जड कलम चर्चेत मागे पडले. ज्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अधिकार गेले, ते ब्रॅड रॅफेन्सपर्गर. तीनेक महिन्यांपूर्वीच अध्यक्ष ट्रम्प यांनी जॉर्जियातील आपला पराभव फिरवण्यासाठी त्यांना फोन करून ११,७८० मते शोधायला सांगितले होते.

एवढे मोठे कायदे त्याच वर्षी का आले, हे कोविडच्या साथीकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. २०२० मध्ये गर्दी टाळायची म्हणून अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांनी टपाली मतदान सैल केले, मतपत्रिका टाकायच्या पेट्या ठेवल्या. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथे गाडीत बसून आणि रात्रभर मतदानाची सोय झाली. यातले पुष्कळसे आणीबाणीच्या अधिकारांतून किंवा प्रशासकीय निर्णयातून झाले, विधिमंडळाला न विचारता. दुखरी जागा तीच होती. पुढच्या अधिवेशनात विधिमंडळांनी निवडणुकीचे नियम स्वतःकडे ओढले आणि त्याच झपाट्यात आरोग्य अधिकाऱ्यांचे हातही बांधले. टेक्सासने हॅरिस काउंटीच्या दोन्ही सोयी कायद्याने बंद केल्या. त्याआधी हा कायदा अडवायला डेमोक्रॅटिक सदस्य जुलै २०२१ मध्ये गणपूर्ती मोडण्यासाठी राज्य सोडून वॉशिंग्टनला जाऊन बसले होते.

ब्रेनन सेंटरच्या मोजणीनुसार २०२१ या एका वर्षात किमान १९ राज्यांनी मतदान अवघड करणारे ३४ कायदे केले. त्याच वर्षी किमान २५ राज्यांनी मतदान सुलभ करणारे ६२ कायदेही केले. पहिला आकडा सगळीकडे फिरला, दुसरा क्वचितच. या आकड्यांनी फार भारावून जाऊ नये. केंटकीचा २०२१ चा निवडणूक कायदा घ्या. त्याने आगाऊ मतदानाचे तीन दिवस दिले आणि टपाली मतपत्रिकेसाठी ऑनलाइन अर्जाची सोय कायम केली, पण अर्ज करण्याची मुदत साथीच्या वर्षापेक्षा कमी ठेवली. तुलना २०१९ शी केली तर दार उघडले, २०२० शी केली तर काही अंशी लोटले. शिवाय दोन ओळींची दुरुस्ती आणि शंभर पानांचा कायदा यादीत प्रत्येकी एकच धरला जातो. चांगला ट्रॅकर तोच, जो आपण कशाची तुलना कशाशी केली ते सांगतो आणि कलमापर्यंत नेऊन सोडतो.

आरोग्याच्या बाजूने पहिला मोठा दणका विस्कॉन्सिनमध्ये बसला. १३ मे २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरी राहण्याचा आदेश ४ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. २०२१ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने गव्हर्नर अँडी बेशिअर यांचे आणीबाणीचे आदेश ३० दिवसांवर आणले आणि त्यांचा नकाराधिकार मतदानाने उलटवला. ओहायोत गव्हर्नर माइक डिवाइन रिपब्लिकन आणि विधिमंडळही रिपब्लिकन. तरीही आरोग्य आदेश रद्द करण्याचा हक्क विधिमंडळाला देणारे विधेयक त्यांनी फेटाळताच दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या विरोधात जाऊन मंजूर झाले. म्हणजे हे भांडण केवळ पक्षांचे नव्हते, विधिमंडळ विरुद्ध कार्यपालिका असेही होते. पेनसिल्व्हेनियात थेट राज्यघटना बदलून गव्हर्नरच्या आणीबाणीची मुदत २१ दिवस केली गेली. मिशिगनने १९४५ चा आणीबाणी कायदाच जुलै २०२१ मध्ये रद्द केला. नागरिकांच्या सह्यांच्या अर्जावर विधिमंडळाचे मतदान झाल्याने गव्हर्नरला तो रोखता आला नाही. आरोग्य अधिकाऱ्यांचे अधिकार कायमचे कमी करणारे कायदे सप्टेंबर २०२१ पर्यंत किमान २६ राज्यांनी केले, असे कैसर हेल्थ न्यूजने मोजले. कोविडसाठी काढलेली ही कात्री गोवर, क्षय अशा जुन्या रोगांनाही लागते. कारण यातल्या पुष्कळ कायद्यांत कोणत्याही रोगाचे नाव नाही.

अधिकार हलवणारी विधेयके शोधणे सर्वांत कठीण, कारण त्यांच्या शीर्षकात मतदान किंवा आरोग्य हे शब्द असतीलच असे नाही. नॉर्थ कॅरोलिनाचे सिनेट विधेयक ३८२ हे हेलीन चक्रीवादळाच्या मदतीचे म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. १३१ पानांच्या त्या मसुद्यातला मदतीचा भाग थोडा होता. राज्य निवडणूक मंडळाच्या नेमणुका गव्हर्नरकडून काढून राज्य लेखापरीक्षकाकडे देणारी कलमे त्यात होती. निवडणुका घेणाऱ्यांची नेमणूक हिशेब तपासणाऱ्याने करायची ही व्यवस्था तशी चमत्कारिकच. लेखापरीक्षक म्हणून नुकतेच रिपब्लिकन उमेदवार निवडून आले होते, गव्हर्नरपदी मात्र डेमोक्रॅट. मावळते गव्हर्नर रॉय कूपर यांनी विधेयक फेटाळले, विधिमंडळाने ११ डिसेंबरला त्यांचा नकार उलटवला. एप्रिल २०२५ मध्ये खालच्या न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आठवडाभरातच अपील न्यायालयाने त्या निकालाची अंमलबजावणी थांबवली. मे महिन्यात नवे मंडळ तीन विरुद्ध दोन अशा रिपब्लिकन बहुमताने कामाला लागले आणि पहिल्याच बैठकीत त्याने निवडणूक संचालक बदलले.