कॅम्पर गाडी भाड्यानं द्यायची? फॉर्मच्या आधी हे कागद बघा

ऑक्टोबरात ताडोब्याचे गेट उघडले की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात चार-पाच जण एकच काम घेऊन येतात. जुनी ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा काढल्या, पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली. आता कोलारा किंवा मोहर्लीला येणाऱ्या पाहुण्यांना दोन रात्रींसाठी द्यायची आहे, तेवढा अर्ज भरून द्या. अर्ज भरायला अर्धा तास लागतो. तो परत येतो तो त्याच्यासोबत जोडायच्या कागदांमुळे.

"गाडी माझी, पैसा माझा, मंग परवाना कायले लागते जी?" हे दर वेळी ऐकतो. गाडी तुमची असली म्हणून परवान्यातून सुटका नाही, पैसे घेता का एवढंच आरटीओवाले बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या गाडीला परवाना लागतो. नसेल तर कलम १९२अ खाली पहिल्याच वेळी दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन, म्हणजे परवाना न लागणाऱ्या गाड्यांच्या यादीत आहे खरी, पण तिथं 'खासगी वापरासाठी' असे शब्द आहेत आणि लोक नेमके तेवढेच वाचत नाहीत. "भाडं नाही साहेब, डिझेलचे पैसे घेतले" हेही टिकत नाही. पाहुण्याच्या मोबाईलवर 'व्हॅन रेंट' लिहून पाठवलेले यूपीआयचे पैसे दिसले की बोलणं संपलं.

आता पात्रता. गाडी तुमच्या नावावर हवी, भावाच्या किंवा सासऱ्याच्या नाही. आरसी, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, आधार, पॅन आणि फोटो हे सगळ्यांकडे असतं. यात कोणी अडकत नाही.

अडकतात ते फेरफाराच्या मंजुरीपाशी. कंपनीनं ज्या रचनेला मान्यता घेतली त्यापेक्षा वेगळी गाडी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कायद्यात कलम १८२अ आलं. त्यात मालकानं परवानगीशिवाय केलेल्या दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. निवासी गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, आणि त्याप्रमाणे मान्यतेचं प्रमाणपत्र पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्था देतात. आपल्याकडचा फॅब्रिकेशनवाला पलंग सुरेख बसवतो, प्रमाणपत्र मात्र त्याच्याकडे नसतं. म्हणून बयाणा देण्याआधीच त्याला विचारा : या मॉडेलच्या मान्यतेचा कागद आहे का? "करून देतो ना भाऊ" म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

आधी काम आणि मग मंजुरी असा उलटा प्रवास केलेले एक काका गेल्या वर्षी माझ्याकडे तीनदा आले. प्रत्येक फेरीला एक दिवस, एक एसटी आणि शेतातली एक मजुरी बुडाली. शेवटी पलंग काढून सीटा परत बसवल्या. त्या सीटा एव्हाना गोठ्यात होत्या आणि एकीवर कोंबडीनं अंडी घातली होती.

दुसरी गाठ बँकेची. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर वापर बदलायला बँकेचं ना-हरकत पत्र लागतं. कर्ज खासगी गाडीचं असल्यामुळे बँक ते सहज देत नाही. आधी बँकेत जा, मग आरटीओत. पत्र मिळालं की त्यावरची तारीख आणि मुदत तिथंच उभं राहून वाचा. एकानं ते पत्र दिवाळीपर्यंत कपाटात जपून ठेवलं. जपलं चांगलं, पण मुदत गेली.

तिसरा विमा. खासगी पॉलिसीच्या आतल्या पानावर 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' असा रकाना असतो. त्यात भाडं किंवा मोबदल्यासाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे मूल-चंद्रपूर रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं आलं आणि गाडी खड्ड्यात गेली, तर कंपनी हे पान पुढे करेल. वापर बदलला की पॉलिसीही व्यावसायिक करून घ्या. हप्ता वाढतो, इलाज नाही.

पुढचं सोपं. परिवहनच्या पोर्टलवर वापर बदलण्याचा अर्ज, फी, कराचा फरक, गाडीची तपासणी, फिटनेस म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र, मग पर्यटक वाहनाचा परवाना. पाटी पिवळी होते, अक्षरं काळी. फिटनेस गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी. जुन्या आरसीवर पंधरा वर्षांची तारीख दिसते म्हणून निश्चिंत राहू नका, ती खासगी गाडीची होती.

चावी देऊन टाकायची, पाहुणा स्वतः चालवेल, असंही बरेच जण विचारतात. एका गाडीवर ते होत नाही. चालकाशिवाय गाडी भाड्यानं द्यायच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवानेदाराकडे किमान पन्नास कॅब असाव्या लागतात. तेव्हा चालक तुमचाच द्या. त्याच्या लायसन्सवर वेगळा 'ट्रान्सपोर्ट' शिक्का हवा म्हणून एजंट पैसे मागतील. गाडीचं एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे.

महाराष्ट्राचं २०२१ चं कॅरॅव्हॅन, म्हणजे अशाच राहायच्या गाड्यांचं, पर्यटन धोरणही आहे. त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पण ती आरटीओच्या कागदांना पर्याय नाही. ती केली तरी आरटीओचे कागद लागतातच, आणि हे दोन्हीकडचे बाबू एकमेकांना सांगत नाहीत.

गाडी भाड्यानं घेणाऱ्यांनाही एक सांगतो. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. गाडीचा वर्ग, फिटनेस आणि विमा अर्ध्या मिनिटात दिसतो. पाटी पांढरी असेल तर भाडं कितीही कमी असू द्या, घेऊ नका. अनामत, किलोमीटर आणि नुकसान कोणाचं हे लिहून घ्या. शंभराचा बॉण्ड आणाल तर परत पाठवीन. ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो.

तपासणीला जाताना घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर काढून ठेवा. घरगुती गॅस धंद्याला वापरायची परवानगी नाही, आणि ओट्याखाली वाकून बघणारा साहेब पहिल्यांदा तेच बघतो.