ओबीचा ढीग पुन्हा जमीन कसा होतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस, माजरी, सास्ती या कोळसा खाणींच्या भागातून जाताना सपाट माथ्याच्या करड्या टेकड्या दिसतात. उघड्या खाणीतला कोळसा काढण्यासाठी त्याच्या वरची काळी माती, मुरूम आणि वालुकाश्म उचलून तिथे रचलेला असतो. खाणीतली माणसे त्याला ‘ओबी’ (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरचा भार) म्हणतात. फोडलेला खडक सुमारे पाव पटीने फुगतो. शिवाय सुरुवातीला खाणीत रिकामी जागाच नसते, म्हणून पहिल्या काही वर्षांचा ओबी बाहेरच टाकावा लागतो. पुढे कोळसा काढून झालेल्या भागात भराव सुरू होतो.

या टेकडीवर पुढे काय उगवेल, हे बरेचसे पहिला डंपर रिता होण्याआधीच ठरते. वर्धा खोऱ्यातली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिची ताकद जाते. तिच्यावरच ढीग रचला, तर पावसाळ्यात तीच घसरगुंडी बनते आणि वरचा सगळा भार पुढे सरकतो. म्हणून ढिगाच्या जागेवरची काळी माती आधी खरवडून काढायची. त्यामुळे पाया पक्का होतो आणि शेवटी वर पसरायला माती हाती राहते.

ही माती उन्हाळ्यात, कोरडी असतानाच उचलावी. ओली उचलली की तिची ढेकळे होतात आणि कणरचना मोडते. साठवायची वेळ आलीच, तर ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नको. खोलवर हवा पोहोचत नाही आणि मुळांना फॉस्फरस मिळवून देणाऱ्या बुरशा मरत जातात. त्याहून चांगले म्हणजे एकीकडून उचललेली माती दुसरीकडच्या तयार उतारावर त्याच हंगामात पसरणे.

आता उतार. भारतीय खाण नियमांनुसार ढिगाचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, आणि ३० मीटरपेक्षा उंच ढीग टप्प्याटप्प्यांत रचावा लागतो. पण ३७ अंशांवर सुटा ओबी कसाबसा टिकतो, माती मात्र टिकत नाही. गवत-झाडांसाठी तीनास एक (आडवे तीन, उभे एक), म्हणजे सुमारे १८ अंश, असा उतार हवा. ३० मीटर उंचीचा एक टप्पा ३७.५ अंशांवरून तिथवर आणायचा, तर डोझरला माथा सुमारे २५ मीटर मागे कापावा लागतो आणि पायथा तितकाच पुढे सरकतो. दर धावत्या मीटरला जवळपास १९० घनमीटर माल हलतो. पायथ्याशी ते २५ मीटर मोकळे नसतील, तिथे नाला, रस्ता किंवा कुणाचे शेत असेल, तर उतार कधीच नीट होणार नाही. नकाशावर ही पट्टी आखायची राहून जाते, हे सर्वात महागात पडणारे दुर्लक्ष आहे. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून कोळसा संपल्यावर खाण नीट बंद करण्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवणे बंधनकारक झाले. पण जागाच सोडली नसेल, तर पैसा असूनही उपयोग नाही.

भरावाचा क्रमही पाळावा लागतो. कोळशाचे तुकडे आणि कार्बनी शेल (कोळशाचा अंश असलेला पापुद्र्यांचा खडक) हवेशी आले की आपोआप तापून धुमसू शकतात. म्हणून त्यांना खोल गाडून, दाबून, वर निष्क्रिय, म्हणजे न पेटणारा, माल टाकायचा.

वरचा थर मात्र दाबायचा नाही. तासून गुळगुळीत केलेला माथा बघायला छान वाटतो, पण डंपरच्या चाकांखाली मुळांची वाट बंद होते आणि पाणी न मुरता वाहते. अमेरिकेतल्या ॲपलाचिया भागात नेमके हेच घडले. तिथे आता निदान १.२ मीटर जाडीचा सैल थर ठेवून डोझर एक-दोनदाच फिरवण्याची शिफारस आहे. आधीच दाबले गेले असेल, तर कोरड्या दिवसांत रिपरने (डोझरच्या मागच्या लोखंडी दाताने) समपातळी रेषेवर खोल फाडावे. उताराच्या दिशेने फाडले, तर प्रत्येक चर पाण्याची वाट बनते.

मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर गवत आणि स्टायलोसारखे शेंगवर्गीय चारापीक पेरावे. तीव्र भागात काथ्याची जाळी आणि वाळा लावावा. गवत माती धरू लागले की मग करंज, शिसम, खैर, आवळा, बांबू ही झाडे लावावीत. नुसती सुबाभूळ लावून वृक्षलागवडीचा आकडा गाठणे आम्हाला पटत नाही.

टप्प्यांना आतल्या बाजूने हलका उतार द्यावा, पायथ्याशी चर आणि गाळ बसायला तळे हवे. पहिल्या पावसात भराव खचतोच. दोन टक्के म्हटले, तरी ३० मीटरला ६० सेंटिमीटर. मग चरांचे उतार उलटतात, पाणी साचते आणि एका जागेवरून फुटून खाली घळ पाडते. ऑक्टोबरात घळीत नुसती माती ओतली, तर पुढच्या पावसात ती पुन्हा वाहून जाते. आधी वर जाऊन पाणी कुठून फुटले ते शोधावे, तो चर दुरुस्त करावा, मग घळीत दगड भरून वर माती आणि बियाणे टाकावे.