आघातकेंद्रित बालोपचार : सामूहिक व वैयक्तिक

हिंसा सोसलेल्या किंवा डोळ्यांदेखत पाहिलेल्या मुलांसाठीची मानसोपचारपद्धती. सत्रांची संख्या ठरलेली असते. आधी मन शांतवण्याची कौशल्ये शिकवतात आणि मग आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेतात. नुसता धीर देणारे समुपदेशन यात मोडत नाही.

पद्धतीचा उगम कोठे मानावा, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांच्याकडे नेतात. १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते भ्यालेल्या मुलाकडून तोच प्रसंग खेळण्यांतून पुन्हा उभा करवून घेत. इतर अभ्यासक बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये चालवलेल्या युद्धकालीन शिशुगृहांकडे बोट दाखवतात. मात्र तेथील मुख्य निरीक्षण आईपासूनच्या ताटातुटीविषयी होते. तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे जुलै १९७६मध्ये शाळेच्या बसमधून २६ मुले पळवून जमिनीखाली कोंडण्यात आली. बालमनोविकारतज्ज्ञ लिनोर टेर यांनी सुटका झालेल्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मुले तोच खेळ पुनःपुन्हा खेळत, पण भीती ओसरत नसे. आठवण नुसती उगाळल्याने बरे वाटत नाही, तिला मदतीची चौकट लागते, ही आजच्या उपचारांची बैठक या निरीक्षणाशी जुळते. लेव्हींच्या ‘भावना मोकळी होऊ द्या’ या विचारात ती दिसत नाही. आघातोत्तर तणाव विकाराला (आघातानंतर भीती व त्या आठवणी पाठ न सोडणे) अमेरिकी मनोविकार-निदानपुस्तिकेत स्थान मिळाले ते १९८०मध्ये.

वैयक्तिक उपचारांत ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंजर यांची आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार पद्धती (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी) सर्वाधिक अभ्यासली गेली आहे. ती ३ ते १८ वयासाठी असून सहसा १२ ते १६ सत्रे चालते. मूल आणि पालक (हिंसा न करणारा) यांना आधी वेगवेगळे भेटतात, शेवटी एकत्र. मूल आपली हकिकत प्रकरणे पाडून लिहिते, सांगते किंवा चितारते. सुरुवात ‘मी कोण, मला काय आवडते’ अशा निरुपद्रवी प्रकरणापासून होते, सर्वांत भीतिदायक क्षण नंतर येतो.

सामूहिक उपचारांचे नीट बांधलेले उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत घडलेला ‘सीबिट्स’ (शाळांतील आघातग्रस्त मुलांसाठी बोधात्मक-वर्तनोपचार) उपक्रम. एका गटात ६ ते ८ मुले, शाळेच्या तासाएवढी १० सत्रे, शिवाय प्रत्येक मुलाची १ ते ३ वैयक्तिक सत्रे. पालकांसाठी व शिक्षकांसाठी वेगळ्या बैठका. पहिल्या पाच सत्रांत आघातानंतर मन-शरीर कसे वागते याची ओळख, शिथिलीकरण, भीतीचा थर्मामीटर (भीती किती ते आकड्याने सांगणे), वाईट विचारांची तपासणी आणि भीतीची शिडी (टाळलेल्या गोष्टींना सोप्याकडून अवघडाकडे सामोरे जाणे) येते. शिडीच्या खालच्या पायरीवर, समजा, मारहाण झाली त्या गल्लीचे नाव उच्चारणे असते. वरच्या पायरीवर भरदिवसा, सोबतीने, त्या गल्लीतून चालत जाणे. सहाव्या-सातव्या सत्रांत आठवणीवर चित्र व लेखनातून काम होते, पुढे भांडणतंटे सोडवण्याचा सराव.

वैयक्तिक सत्रे दुसऱ्या आणि सहाव्या सत्रांच्या दरम्यान घेतात, यात या रचनेचे मर्म आहे. पूर्ण हकिकत मूल तेथे, एकट्या समुपदेशकापाशी सांगते आणि गटात त्यातले किती उघड करायचे हे तिथेच ठरवते. हा टप्पा गाळला तर एकाची हकिकत दुसऱ्याला नवा धक्का देऊ शकते.

‘सीबिट्स’च्या २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहावीची १२६ मुले होती. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांचा आघातोत्तर तणावाचा लक्षणगुणांक (जितका कमी तितके बरे) ८.९ होता, उपचार अजून न मिळालेल्या प्रतीक्षायादीतल्यांचा १५.५. वर्गातील वर्तनाबाबत शिक्षकांना मात्र फरक जाणवला नाही. कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्समध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा शाळेतील गटउपचार ९८ टक्के मुलांनी सुरू केले, दवाखान्यातील वैयक्तिक उपचार केवळ ३७ टक्क्यांनी. उपचार मुलाच्या पायाशी नेणे किती मोलाचे, हे यावरून कळते.

चुका बहुधा ठरावीक असतात. भीती शिगेला पोहोचली असताना सत्र थांबवले तर ‘टाळले म्हणून वाचलो’ हाच धडा मुलाच्या मनात पक्का होतो. म्हणून थर्मामीटर निम्म्यावर येईपर्यंत थांबावे व सत्राच्या शेवटी दहा मिनिटे शांत खेळासाठी राखावीत. वयात फार अंतर असलेली मुले, किंवा मारणारा आणि मार खाणारा, एका गटात घेऊ नयेत. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘मन मोकळे’ करायला लावण्याची प्रथा ब्रिटनच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी नाकारली आहे. घरात मारहाण चालूच असेल, तर आधी मुलाला सुरक्षित करावे. भीती खरी असताना ती कमी करणे धोक्याचे.

भारतात लैंगिक हिंसेच्या प्रकरणी २०१२च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. म्हणून गुप्ततेची ही मर्यादा पहिल्याच सत्रात, मुलाने तोंड उघडण्यापूर्वी, त्याला सोप्या शब्दांत सांगावी. कलम ३५नुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवायची असते, पण ती लांबू शकते. तोवर उपचार थोपवावेत असा सल्ला कधीकधी दिला जातो. तो मुलाच्या हिताचा नाही. शिथिलीकरण, झोप आणि टाळाटाळीवरचे काम साक्षीआधीही करता येते. हकिकतीवर काम केल्यास विचारलेला प्रश्न आणि मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत, तारखेसह, टिपून ठेवावे.